कावळे मारायची बंदूक

कावळे आधी डोळे खातात. हरणाचं पाडस जन्मून अजून पायांवर उभं राहिलेलं नसतं. दोन कावळे मागून आईची शेपूट ओढतात, ती वळते, आणि तिसरा पुढून येतो. दुबईपलीकडे, रास अल खैमाच्या डोंगराखालच्या हरणांच्या फार्मवर मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाडस अजून जिवंत होतं. त्यातलं तेच सगळ्यात वाईट होतं.

कावळे तिकडचे नव्हेत. आपलेच, राखाडी मानेचे, जहाजांवर बसून आलेले. व्हिसा नाही, कंपनी नाही, तरी आम्हा सगळ्यांपेक्षा चांगले स्थिरावलेले. रीतसर परवानगी काढून त्यांना गोळ्या घालायचं ठरलं आणि फार्मवर एक बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आली. प्रत्येक गोळीला खटका मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. बारीक गोळी, लांब नळी, वर दुर्बीण. अशी बंदूक खारी, उंदीर, कावळे यांच्यासाठीच करतात. म्हणजे तिने नेम चुकवला तर तिचा काही उपयोगच उरत नाही.

आमची चुकवायची. पूर्ण चुकवती तरी बरं होतं. ती अर्धवट मारायची.

बंदूक चालवण्याचा परवाना मॅनेजरकडे होता. दुबईत, अल कुसैसमध्ये वाढलेला मराठी मुलगा, तिशीचा, कार्डावर ‘हेड ऑफ वाइल्डलाइफ एक्सपीरियन्स’. त्याने गोळी झाडली की कावळा पंख मोडून, नाहीतर पोट फुटून वाळूत पडायचा आणि गोल गोल फिरत ओरडायचा. पुढचं काम रखवालदाराचं. हा देवगडकडचा माणूस, हरणांना नावं देऊन हाका मारणारा. तो धावत जायचा आणि मान पिरगळायचा. कावळ्याची मान सहज पिरगळत नाही. तोवर तो चोचीने अंगठा फोडतो.

एका सकाळी तो वर्कशॉपमध्ये आला. फार्मवरचे पंप, जनरेटर, कुंपणाच्या मोटारी माझ्याकडे असायच्या. त्याआधीचं आयुष्य ठाण्यातल्या एका टूलरूममध्ये गेलेलं. रखवालदाराच्या हातावर कोपरापर्यंत रक्त होतं, थोडं त्याचं स्वतःचं.

“काका, ही बंदूक काय गोफण?” तो म्हणाला. “एका गोळयेत मरूक होयो. मगे माझा काय म्हणणा नाय. पण ह्या असा रोज माझ्या हातान नको.”

मॅनेजरने तोवर दोनदा दुर्बीण बदलली होती. आपल्याकडे नेम चुकला की चष्म्याचा नंबर वाढतो, तसं. “काका, ऑप्टिक्स इज एव्हरीथिंग,” असं त्याने मला समजावलं. मी त्याला बाजूला बसवलं, त्याच्याच हाताने बंदूक रिकामी करून घेतली आणि किराणा दुकानाच्या पावतीचा गुळगुळीत कागद नळी आणि लाकडाच्या मधल्या फटीत घातला. चांगल्या रायफलची नळी पुढे कुठेही टेकत नाही. मागे पक्की धरलेली, पुढे मोकळी. गोळी सुटताना नळी थरथरते. तिला प्रत्येक वेळी सारखंच थरथरू द्यायचं, एवढीच अचूकता. कागद पुढच्या टोकाकडून सरकत आला आणि अर्ध्यावर अडला.

अडला तिथे, लाकडाच्या बाहेरच्या अंगाला, सोनेरी ससाणा होता. अरब मालकांना आवडेल म्हणून मॅनेजरने दुबईहून पत्रा कापून आणून बसवलेला. त्याचा स्क्रू लाकडातून आरपार जाऊन नळीच्या पोटाला टोचत होता. पहिली गोळी एकीकडे जायची, नळी तापली की दुसरी तिसरीकडेच. एवढे कावळे तडफडून मेले ते एका शोभेच्या पक्ष्यापायी.

“ससाणा काढावा लागेल,” मी म्हटलं.

“काका, नो वे. इट्स द ब्रँड.”

“मग कावळ्यांना सांग, ब्रँडकडे बघून मरा.”

शेवटी ससाणा चिकटपट्टीने दस्त्यावर गेला, जिथे तो कुणाच्या पोटाला टोचत नाही. मी फटीतलं लाकूड पॉलिश पेपरने घासलं, मागचा भाग इपॉक्सीत पक्का बसवला, ढिले स्क्रू एकसारखे आवळले, दुर्बिणीची सैल कडी घट्ट केली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या एकाच बंदुकीत घालणं बंद केलं. तिला कुठली मानवते ते कागदी निशाणावर बघितलं. आधी भाकरीएवढ्या जागेत विखुरणाऱ्या गोळ्या दिरहमच्या नाण्याखाली झाकल्या जाऊ लागल्या.

त्यानंतर कावळा पडायचा तो ओल्या फडक्यासारखा. आवाज नाही, फिरणं नाही. रखवालदार फक्त पाटी घेऊन जायचा.

मग देवगडला त्याचे वडील गेले. हा थोरला मुलगा. पाहुणे यायचेत म्हणून मॅनेजरने रजा दिली नाही. सॉरी मात्र दोनदा म्हणाला. दहाव्याला धाकट्या भावाने नदीवर पिंड ठेवला. कावळे माडावर बसून होते, खाली येईनात. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विषय संपवला. आईचा संपला नाही. थोरल्याची वाट बघतायत ते, म्हणाली, आणि पानावर बसेना.

त्याच दुपारी इकडे फार्मवर रखवालदाराने भात शिजवला, त्याचा गोळा करून केळीच्या पानावर कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि लांब उभा राहिला. भावाचा फोन चालूच होता.

“आज मारू नकात,” त्याने मॅनेजरला सकाळीच सांगितलं होतं. “माझ्या बापाशीचो दहावो दिस आसा.”

“इन्शाल्ला,” मॅनेजर म्हणाला होता. तिकडे नाही म्हणायची ती एक सभ्य पद्धत आहे.

मालकांचे पाहुणे शिकार बघायला आले. गालिचे, गाव्याची म्हणजे अरबी कॉफीची किटली, खजूर. मॅनेजरने रंगीत हातमोजे घालून भाषण केलं, निसर्गाचा समतोल वगैरे. मी त्याच्या शेजारी दुर्बीण लावून बसलो होतो, गोळी कुठे लागते ते सांगायला. भिंतीवर कावळा उतरला. मागे मातीचा ढिगारा, वारा नाही, अंतर बेताचं. एवढं सोपं निशाण मॅनेजरला कधी मिळालं नव्हतं.

“तो नको,” मी म्हटलं. “रखवालदाराच्या बापाचा पिंड आहे तो.”

“वन सेकंद, काका.”

कावळ्याने मान तिरकी करून भाताकडे पाहिलं, एक उडी पुढे टाकली, आणि त्याचं डोकं गेलं. बंदुकीने काम चोख केलं. धड पिंडावरच आडवं पडलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

लगेच बाकीचे आले. खजुरीतून, शेडवरून, कुठून कुठून, काळं आभाळ करून. एक मेला की सगळे येऊन ओरडतात. मॅनेजरचा चेहरा उजळला. त्याने खटका मागे ओढला, पुढे ढकलला.

रखवालदार धावत आला. त्याने नळी दोन्ही हातांनी धरून वर उचलली, गोळी आभाळात गेली, आणि त्याने उजव्या मुठीने मॅनेजरच्या तोंडावर मारलं. एकदा नाही. खुर्ची उलटली, गाव्याची किटली गालिच्यावर सांडली, तो मॅनेजरच्या छातीवर बसून मारत राहिला. मी बंदूक ओढून घेतली, गोळ्या काढल्या आणि मग त्याच्या बगलेत हात घातले. उचलून त्याला बाजूला घेतलं. मॅनेजरचा पुढचा दात ओठातून बाहेर आला होता.

“पोलीस!” तो रक्त थुंकत ओरडला. “कॉल द पोलीस! यू आर फिनिश्ड, मॅन!”

“बोलव,” रखवालदार म्हणाला. “पण जरा गप रव. उडतले ते.”

आणि सगळे खरंच गप्प झाले, पाहुणेसुद्धा. भिंतीवर एक म्हातारा, पिसं झडलेला कावळा उतरला. मेलेल्याभोवती तो एक फेरी चालला. मग रक्ताने भिजलेली बाजू सोडून पांढऱ्या भाताला त्याने चोच लावली, घास घेतला, परत लावली.

रखवालदाराने वाळूत पडलेला, अजून चालूच असलेला फोन उचलला. फुटलेल्या बोटांमुळे तो त्याला नीट धरता येत नव्हता.

“शिवलो,” तो म्हणाला. “आयेक वाढ.”