काचेत लावलेलं पत्र

ती गाडी आमच्याकडे आली तेव्हा मी नागपूरला वसतिगृहात होते. दिवाळीच्या सुट्टीत पवनीला आले, तर ती अंगणात निंबाखाली उभी होती. दुधी रंगाची, लांबलचक आणि विलायती. तुमसरकडच्या खाणीवर एक परदेशी इंजिनिअर काही वर्षं काम करत होता, त्याची ती गाडी. परत जाताना त्याने ती एका ठेकेदाराला दिली आणि ठेकेदाराकडून माझ्या वडिलांनी घेतली. वडिलांना आम्ही बाबूजी म्हणतो. त्यांची धानाची गिरणी आहे. तोवर आमच्याकडे एक जुनी जीप होती आणि तिचं कुणाला कौतुक नव्हतं.

या गाडीत चामड्याच्या सीटा होत्या आणि समोर एक घड्याळ होतं, जे खरंच चालत होतं. दाराची काच बटण दाबून खाली जायची. चारपैकी एकच जात असे, पण शेजारच्या बायका ती पाहायला मुद्दाम येत. आई त्यांना चहा देई आणि मग गाडीत बसवून काच एकदा खाली, एकदा वर करून दाखवी.

आमच्या भागात अशी एक गाडी गावात आली की ती एकट्या मालकाची राहत नाही. लग्नसराईत जो येईल त्याला नवरदेवासाठी द्यावीच लागते. नाही म्हटलं तर माणूस मोठा झाला, असं बोलतात. मी पुढच्या सुट्टीत, उन्हाळ्यात, घरी आले तोपर्यंत तीन नवरदेव त्या गाडीतून जाऊन आले होते. चौथा माझा मोठा भाऊ होता. लग्न आंधळगावला होतं, पवनीहून भंडारा आणि मोहाडीवरून. रस्ता बराचसा तलावांच्या पाळींवरून जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेली शेतं.

लग्नाला तीन दिवस होते. आंधळगावचे इवाई, म्हणजे व्याही, नवरीचे वडील, वरातीचं ठरवायला आले होते. बाबूजींनी त्यांना गिरणीच्या ऑफिसात बसवलं आणि मला चहा घेऊन पाठवा, असा घरी निरोप दिला. मी चहा ठेवला आणि परत फिरणार, तेवढ्यात मला भिंतीवर एक नवी फ्रेम दिसली. लक्ष्मीच्या फोटोशेजारीच होती. देवांचे फोटो मढवणाऱ्यानेच ती केली असावी, कारण कडेला तसाच सोनेरी कागद होता. वर झेंडूचा हार होता. आत मात्र इंग्रजीत टाईप केलेलं एक पत्र होतं.

ते कसं आलं हे नंतर कळलं. गाडीच्या कागदांबरोबर एक जाड लिफाफा होता. कागद गुळगुळीत, वर कंपनीचं तेच चिन्ह जे गाडीच्या बॉनेटवर होतं. घरात इंग्रजी कुणाला येत नव्हतं, पण आकडे येत होते. ड्रायव्हरकाकांनी पत्रातला नंबर गाडीच्या चेसिसवरच्या नंबराशी एकेक आकडा लावून पाहिला. तो तंतोतंत जुळला. मग हे कंपनीचं गॅरंटीचं पत्र आहे, यात कुणाला शंका उरली नाही.

"ही आमची लहानी," बाबूजी इवाईंना म्हणाले. "कॉन्व्हेंटात शिकते. बेटा, वाच बरं ते. मोठ्यानं वाच."

मला चार माणसांसमोर बोलायला कधीच आवडलं नाही. पण वाचणं म्हणजे बोलणं नव्हे. मी फ्रेमसमोर उभी राहिले आणि वाचायला लागले.

दुसऱ्या ओळीत मी अडखळले. पत्रात लिहिलं होतं की या नंबराच्या गाडीत स्टिअरिंगकडून पुढच्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा सदोष आहे. तो अचानक तुटू शकतो. तुटला तर चाक स्टिअरिंगचं ऐकणार नाही. कंपनी अशा सगळ्या गाड्या परत बोलावत आहे, सांधा फुकट बदलून मिळेल, आणि तोपर्यंत कृपया गाडी चालवू नये.

मी ते शेवटपर्यंत वाचलं. आवाज बारीक होत गेला, पण एकही शब्द सोडला नाही.

"वा!" इवाई म्हणाले. "पाणी वाहते तशी वाचते जी पोरगी!"

कोपऱ्यात हिशेब लिहीत बसलेल्या दिवाणजींनीही मान डोलवली.

"पण मतलब काय झाला, बाई?" इवाईंनी विचारलं.

मी बाबूजींकडे पाहिलं. ते हाराचं एक सुटलेलं फूल नीट करत होते.

"गाडीबद्दल लिहिलंय," मी म्हणाले. "नंबर वगैरे."

"गॅरंटी!" बाबूजी म्हणाले.

मी रिकामी कपबशी उचलली आणि बाहेर आले.

शाळेत मला एक सवय लागली होती. विचारलं तेवढंच सांगायचं. त्या सवयीने मला पुष्कळदा वाचवलं होतं. त्या दिवशी घरी येताना मी स्वतःला सांगत होते की पत्र जुनं आहे, इंजिनिअरने सांधा बदलून घेतला असेल. पण भारतात त्या कंपनीचं एकही दुकान नव्हतं. मग तो कुठे बदलला असेल?

दुसऱ्या दिवशी आईने मला शिंप्याकडे पाठवलं आणि ड्रायव्हरकाका गाडी घेऊन आले. मी मागे बसले. बाजाराच्या वळणावर त्यांनी स्टिअरिंग बरंच फिरवलं तेव्हा कुठे गाडी वळली.

"हे असंच वळते का, काका?" मी विचारलं.

"महिनाभरापासून ढिली झाली थोडी. विलायती गाडी हाये ना, नखरे राहतेतच. मोठ्या घरच्या सुनेसारखी." ते हसले. "काहून, भेव लागते का?"

शिंप्याच्या दुकानापाशी मी उतरले. परत येताना म्हटलं, मी पायी येते. दोन ब्लाऊज हातात घेऊन उन्हात चालत आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबूजी ओसरीवर दातण करत होते. आसपास कुणी नव्हतं. मी खांबाला धरून उभी राहिले आणि पत्रात काय आहे ते सांगून टाकलं. मराठीत सांगायला इतका थोडा वेळ लागला की त्यांच्या हातातलं दातण पुन्हा तोंडापर्यंत गेलं नव्हतं.

"परवा काहून नाही सांगतलं?"

"लोक होते."

"लोक उद्या गाडीतही राहतीन," ते म्हणाले.

एवढंच. त्यांनी चूळ भरली, कुडता घातला आणि गिरणीत गेले. थोड्या वेळाने मला बोलावणं आलं. फ्रेम टेबलावर काढून ठेवली होती, हार बाजूला. बाबूजींनी मला एकेक ओळ वाचायला लावली, इंग्रजीत आणि मग मराठीत. ड्रायव्हरकाका दाराशी उभे राहून ऐकत होते. सांध्याची ओळ आली तेव्हा ते खाली बसले. मग बाबूजींनी मला कागद दिला. "हे सारं मराठीत लिहून दे. मिस्त्रीले दाखवावं लागन."

गाडीवर ताडपत्री पडली. भाऊ दिवसभर माझ्याशी बोलला नाही, आणि बोलला ते आईशी, मला ऐकू जाईल असं. "इतकी इंग्रजी शिकवली हिले, अन् नाट लावला तो माह्याच वरातीले." त्याने मित्रांना गाडीचं सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो बाशिंग बांधून वऱ्हाडाच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसला. बसच्या टपावर गाद्या आणि भांडी होती.

आंधळगावच्या वेशीवर बँड उभा होता आणि इवाई पुढे आले. त्यांनी बसच्या मागे पाहिलं, मग रस्त्यावर दूरवर पाहिलं.

"गाडी कुठी हाये जी, इवाईबुवा? अख्खं गाव पाहाले उभं हाये. पोरीचं मन मोडलं ना तुम्ही."

मी बसच्या पायरीवर होते. मला वाटलं, बाबूजी म्हणतील की पेट्रोल मिळालं नाही. किंवा टायर फुटला. कुणी पुन्हा विचारलं नसतं.

"त्या दिवशी ते पत्र वाचलं ना तुमच्यासमोर," बाबूजी म्हणाले, चांगलं मोठ्याने. "त्याच्यात लिहिलं होतं, गाडी चालवू नका, पुढचं चाक दगा देईन. मी त्याले हार घालून ठेवला होता."

दोन-चार माणसं हसली. इवाई हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग पोरगी तेव्हाच काहून नाही बोलली?"

"आपण वाहवा करून राहिलो होतो," बाबूजी म्हणाले. "तिले बोलू कोण देईन?"

तेव्हा मात्र इवाईही हसले, आणि बँड सुरू झाला. मला बोलायला कुणी अडवलं नव्हतं, हे बाबूजींना माहीत होतं आणि मलाही. त्यांनी ते पुन्हा कधी काढलं नाही.

लग्नानंतर त्यांनी भंडाऱ्याहून मिस्त्री बोलावला. तो गाडीखाली शिरला आणि मी लिहिलेला कागद ड्रायव्हरकाकांनी त्याला वाचून दाखवला. माझं मराठी वाक्य लांबत होतं, तेव्हा खालून आवाज आला, "समजलं, समजलं. कुठचा सांधा ते सांगा." बऱ्याच वेळाने तो बाहेर आला आणि त्याने एक काळी, चिकट वस्तू वर्तमानपत्रावर ठेवली. पुसून दाखवली. एका बाजूने भेग गेली होती, नख शिरेल एवढी. बाबूजींनी त्यात नख घालून पाहिलं.

नवा सांधा नागपूरला लेथवर करून घ्यावा लागला. त्यानंतर गाडी आणखी काही वर्षं चालली, पण वरातीला दिली नाही. ऑफिसात लक्ष्मीशेजारी एक खिळा तेवढा राहिला.

आधीच्या तीन नवरदेवांपैकी दोघे पवनीतच आहेत. एकाचं कापडाचं दुकान आहे. मी काही घ्यायला गेले की तो बायकोला आतून बोलावतो आणि म्हणतो, "यांच्याच गाडीतून आली तू." ती हसते, मी हसते. भेगेचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.