गेलेला मेल, आलेला मेल

चूक माझीच होती. भिवंडीत माझं सायबर कॅफे होतं. अकलोलीची एक मावशी आठवड्याला यायची, दुबईतल्या मुलाला माझ्याकडून ईमेल लिहून घ्यायची आणि मेल गेला की मॉनिटरवर हात फिरवायची. उत्तर मात्र कधी दिसायचं नाही.

"रुसलाय त्यो," ती एकदा म्हणाली. "वज्रेश्वरीची यष्टी गेली का परत तरी येते. तुजा मेल नुसता जातोच!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: मेल जायचा सर्व्हर वेगळा, यायचा वेगळा. आमच्याकडे पाठवायला पासवर्ड लागत नसे, उतरवून घ्यायला लागायचा. तोच मी चुकीचा भरला होता, आणि स्क्रीनवरची सूचना न वाचताच बंद करत होतो. तो दुरुस्त केल्यावर मुलाची सगळी उत्तरं उतरली. "आई, मी दर वेळी लिहितो. तू वाचत का नाहीस?"

ते तिला वाचून दाखवलं आणि म्हणालो, "मावशी, तो रुसला नव्हता. मीच अडवून ठेवलं होतं. माफ कर मला."