पाच घरचं पीठ

माझ्या हाताला चव आहे, असं लोक अजूनही म्हणतात. लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांनी भरताची वाटी दुसऱ्यांदा पुढे केली आणि म्हणाले, पोरीनं पिंप्राळ्याहून दुसरं काही आणलं नसेल, पण हात आणला. त्या हातानं मी शेकडो माणसं जेवू घातली. पोटच्या पोराला मात्र पाच वर्षांत एकदाच भरवलं. तेवढं एकदाच लिहून टाकायचं आहे. बरेच दिवस टाळलं. आता ज्यांच्यासमोर खाली मान घालावी लागेल अशी माणसंच उरली नाहीत.

सासर धुळ्यापासून दोन कोसांवर, पांझरेच्या काठी. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, शेती बेताची, नवरा गावच्या शाळेत मास्तर. लिहायला-वाचायला मला त्यांनीच शिकवलं, आणि शिकवल्याचा पस्तावाही त्यांनाच झाला, कारण तोंडाची मी मुळातच फटकळ. पहिली लढाई संपून चार-पाच वर्षं झाली असतील. तोवर माझी दोन लेकरं गेली होती. पहिला गोवरानं गेला, दुसरी दात येताना हगवणीनं. दुसरा वाढदिवस दोघांनीही पाहिला नाही. तिसरा झाला तेव्हा सासूबाईंनी मला काही विचारलं नाही. बाराव्या दिवशी त्यांनी त्याला सुपात घातलं, गल्लीपलीकडच्या समोरच्या घरी नेलं आणि तिथल्या बाईला सूपभर कण्यांना विकून आल्या.

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांना सांगते. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, त्या घरचं मूल नावापुरतं दुसऱ्याचं करून टाकायचं. म्हणजे यम दारात आला तर सांगता येतं, बाबा, आमच्याकडे मूलच नाही. नाव असं टाकाऊ ठेवायचं की ऐकून यमानंही नाक मुरडावं. अंगावर मागून आणलेली जुनी अंगडी. आणि पाच वर्षं भरेपर्यंत आपल्या घरचं अन्न त्याच्या तोंडी जाऊ द्यायचं नाही. रोज पाच घरचं पीठ मागून आणायचं आणि ज्या बाईनं त्याला विकत घेतलं, तिनं तिच्या चुलीवर त्याची भाकरी करायची.

"आते हाऊ आपला नही," सासूबाई म्हणाल्या. "पाच वरीस याना तोंडमां आपला घरना दाना जावाले नको."

"आणि माझं दूध?" मी विचारलं.

सासूबाई जरा अडल्या. इतका विचार त्यांनी केला नव्हता. मग म्हणाल्या, "दूध आंगनं शे, घरनं नही." असा निवाडा झाला, आणि तेवढ्या निवाड्यावर मी वर्ष-सव्वा वर्ष जगले. पुढे दूध आटलं.

समोरच्या बाईला मी अक्का म्हणत असे. तिचा नवरा एका शेतकऱ्याकडे सालदार होता. घरात एक शेळी, आणि सहा मुलं, सहाही धडधाकट. म्हणून तर सासूबाईंनी तिची निवड केली. त्यांतली सगळ्यात धाकटी मुलगी माझ्या मुलाहून महिन्यानं मोठी. अक्का दोन मांड्यांवर दोघांना घेऊन बसायची, भाकरी शेळीच्या दुधात कुस्करायची, एक घास इकडे, एक घास तिकडे. मी आमच्या ओट्यावरून बघायची. तिच्या हाताला चव नव्हती. भाकरी जाड, एका अंगानं करपलेली. माझं पोर ती मिटक्या मारत खायचं.

सासूबाईंचं एक मानायला हवं. चार बिघे का होईना, जमीन असलेल्या घरातली ती बाई रोज सकाळी झोळी घेऊन पाच दारी पीठ मागायची. एक दिवस चुकला नाही. तापानं फणफणलेली असतानाही गेली. मला तिचा राग यायचा, आणि रागावायलाही तोंड नसायचं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, आणि आमचं तर दोनदा पोळलं होतं.

मूल चालायला लागलं तसं ते दोन्ही घरांत फिरायला लागलं. यायला-जायला मनाई नव्हती, खायला होती. मी भाकरी थापायला बसले की ते उंबऱ्यावर येऊन बसायचं. बाहेरची माती ओली करून आणायचं आणि माझ्या थापेला थाप जुळवून चिखलाच्या भाकरी थापायचं. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली की त्या वासानं त्याचं नाक फुलायचं. पण मागायचं नाही. अक्कानं शिकवून ठेवलं होतं: त्या घरात खायचं दिसलं की हात पाठीमागे बांधायचे. इवलासा जीव, पोट पुढे आलेलं, आणि दोन्ही हात पाठीमागे. लोक हसायचे, काय शहाणं पोर. मला मात्र चुलीतलं लाकूड उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावंसं वाटायचं.

चिखलाची भाकरी तयार झाली की तो ती मला वाढायचा. मी तोंड हलवून मचमच आवाज काढायची, तो टाळ्या पिटायचा. म्हणायचा, "वहिनी, आखो?" आखो म्हणजे आणखी. घरात माझे दोन दीर मला वहिनी म्हणत, त्यांचं ऐकून तोही वहिनीच म्हणे. माय म्हणे तो अक्काला. दिवसातून चार-चारदा तो मला जेवू घालायचा. त्या चिखलाच्या भाकरीइतकं सुख मला पुढे कशात मिळालं नाही, आणि इतकं दुःखही नाही.

तो तीन वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात आमच्याकडे बिबड्या घातल्या. आमच्या भागात ज्वारीच्या पापडांना बिबड्या म्हणतात. तीन दिवस ज्वारी भिजवायची, कांडायची, कोंडा काढायचा आणि मग मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण, मिरची घालून त्याचा घाटा शिजवायचा. गल्लीतल्या बायका मदतीला येतात, आणि त्यांच्याआधी त्यांची पोरं येतात; कारण गरम घाट्यावर तेलाची धार घालून खायला मिळतं. त्या दिवशी पोरं खाऊन उंडारायला गेली. सासूबाई, अक्का आणि बाकीच्या बायका धाब्यावर ओल्या धोतरावर बिबड्या थापत होत्या. खाली पातेल्याशी मी एकटी, आणि दोन पोरं: अक्काची धाकटी आणि माझा.

तिच्यापुढे मी घाटा वाढला. माहेरची काशाची थाळी होती, काठाला टवका गेलेली. ती फुंकर मारून खायला लागली. तो बाजूला उभा. हात पाठीमागे. थाळीकडे बघत होता, पण तोंडातून चकार शब्द नाही. तिनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसरा घास त्याच्यापुढे धरला. त्यानं मान हलवून नको म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "ये."

तो आला नाही. हात धरून मी त्याला ओढला, बसवला, त्याच थाळीत आणखी घाटा घातला, तेल घातलं आणि घास त्याच्या तोंडात दिला. थाळी माझ्या माहेरची, हात माझा. ज्वारी मात्र याच घरची होती, हे मला पुरतं ठाऊक होतं. तो थांबला. चव जिभेवर पसरताना त्याचे डोळे मोठे झाले. "वहिनी, आखो," तो म्हणाला. एक घास त्याला, एक तिला, असं मी दोघांना पोटभर भरवलं. वरून सासूबाईंनी घाट्यासाठी हाक मारली तेव्हा मी पदरानं दोघांची तोंडं पुसली, थाळी धुतली आणि फळीवर ठेवून दिली.

चौथ्या दिवशी दोघांनाही उलट्या आणि जुलाब सुरू झाले.

गावात जरीमरी, म्हणजे पटकी, शिरली होती. नदी आटलेली, वाळूत झिरे खणून पाणी भरायचो आम्ही, आणि त्याच वाळूत वरच्या अंगाला गुरं बसायची. आठवड्यात गावातली सात-आठ माणसं गेली. हे पाण्यानं होतं, पाणी उकळून प्या, असं माझा नवरा घसा कोरडा करून दारोदार सांगत होता. घरात मलाही सांगत होता. मला ते पटत होतं, आजही पटतं. पण चोराच्या मनात चांदणं. मला एकच दिसत होतं: ती थाळी.

अक्कानं दोघांना एकाच गोधडीवर निजवलं होतं. मी दाराशी उभी. माझ्या घरचं पाणीसुद्धा त्याला चालणार नव्हतं. मी उकळून नेलेला तांब्या सासूबाईंनी उंबऱ्यावरच काढून घेतला आणि ओतून दिला. अक्का एकटी कुणाकुणाचं करणार? लुगड्याची धडुती संपली तेव्हा तिनं अंगावरच्या लुगड्याचा पदर फाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या मुलाच्या तोंडात पेज घालत होती. घालता घालता तिनं शेजारी हात लावून पाहिलं. मग वाटी खाली ठेवली नाही. राहिलेली पेज त्याच्या तोंडात घातली, त्याचं तोंड पुसलं आणि मग मुलीला मांडीवर घेतलं. मुलगी गेलेली होती.

माझा वाचला.

गावाला बोलायला मिळालं. यांच्या घरची पीडा तिच्या घरी गेली, असं बायका पाणवठ्यावर उघड म्हणू लागल्या. सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला आणि म्हणाल्या, गुण आला. मला त्यांची किळस आली. आणि त्याच वेळी आत कुठंतरी मी देवाला हात जोडत होते की बरं झालं, माझा राहिला. दोन्ही खरं आहे. स्वतःला चांगली म्हणवून घ्यायला मी हे लिहीत नाही.

मी अक्काला काही सांगितलं नाही. दहाव्याला सांगेन म्हटलं, बाराव्याला सांगेन म्हटलं. मग वाटलं, सांगितलं आणि हिनं पोराला घराबाहेर काढलं तर? व्रत मोडल्याचं सासूबाईंना कळलं तर? मग वाटायला लागलं, कशाला सांगायचं, पाण्यानंच तर झालं. अशी दोन वर्षं गेली. अक्का पूर्वीसारखीच रोज त्याची भाकरी करायची. आता एकाच मांडीवर कुणी बसायचं, दुसरी मांडी ती मुडपून घ्यायची. मी ओट्यावर बसायचं बंद केलं. बिबड्या दर उन्हाळ्यात झाल्या, पण फळीवरची ती थाळी मी पुन्हा काढली नाही.

पाच वर्षं भरली. मूल परत विकत घ्यायचा दिवस आला. सासूबाईंनी सुपात कण्या भरल्या, त्यावर नवं लुगडं, खण आणि नारळ ठेवला. पोराला पहिल्यांदाच नवा सदरा घातला होता. आम्ही सगळे अक्काच्या दारात गेलो. रीत अशी की विकत घेणारी जे मागेल ते द्यायचं. सहसा कोणी काही मागत नाही, कण्या घेतात आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवून परत देतात.

अक्कानं सुपाला हात लावला नाही.

"मले कण्या नको, लुगडं बी नको," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "ज्या थाळीमां दोन्ही पोरेसनी घाटा खादा, ती थाळी दे."

कुणाला काही कळलं नाही. सासूबाईंना कळलं. त्यांच्या हातातलं सूप एका बाजूला कललं आणि कण्या जमिनीवर सांडल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या माणसांसमोर त्या काय बोलणार? मी घरात गेले आणि फळीवरून थाळी काढली. दोन वर्षांची धूळ होती, ती पदरानं पुसली.

थाळी देताना मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिन," ती म्हणाली. "दोन्हीसनी घर ईसन सांगं. तीन वरीसनं पोर कथं चूप बसस?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलतू, ते हाऊ बी मना हातमाईन जाता." तिच्या आवाजात राग नव्हता, क्षमाही नव्हती. व्रत मोडलं कळलं असतं तर सासूबाईंनी त्याला तिच्याकडून काढून दुसऱ्या कुणाला तरी विकलं असतं, हे तिनं ओळखलं होतं. एक गेली, निदान हा तरी मांडीवर राहू दे, म्हणून ती गप्प राहिली. मीही त्याच्यासाठीच गप्प होते. समोरासमोरच्या दोन घरांत दोघी एकच गोष्ट लपवून बसलो होतो, आणि त्यातली तिची भाकरी रोज खरी होती.

तिनं थाळी पदराखाली घेतली, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याला माझ्याकडे लोटलं आणि आत जाऊन कडी लावली. त्या घराला दिवसा कडी लागलेली मी कधी पाहिली नव्हती.

घरी मी ताट मांडलं. भरीत, कळण्याची भाकरी, खापरावरची पुरणपोळी. पाच वर्षं मनात रांधून ठेवलेलं सगळं. सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. मी त्याला हाक मारली. एकदा, दोनदा. मग ओट्यावर येऊन पाहिलं.

नवा सदरा घालून तो तिच्या बंद दारापुढे उभा होता, हात पाठीमागे बांधून.