चार मुलं आजारी नव्हती

"उभ्या राहा, बाई."

शाळांच्या केंद्राच्या बैठकीत शिक्षण खात्याचे साहेब असं म्हणाले तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या शाळांचे शिक्षक बसलेले होते. भिंतीवर यादी दाखवली होती. तिसरीच्या चाचणीची सरासरी. आमची शाळा सगळ्यात खाली, लाल रंगात. मी उभी राहिले.

"तुम्ही पाड्यावरून आलात, कौतुक आहे. पण म्हणून शाळाही पाड्यासारखीच ठेवायची का?"

लोक हसले. आमचे मुख्याध्यापकही हसले. बैठक संपेपर्यंत मला कुणी बस म्हटलं नाही. चहा आला, फिरला, संपला. उभ्या बाईला कप कोण देणार?

मी कातकरी. बाप राहनाळच्या गोदामात हमाली करायचा, आई वीटभट्टीवर. आमच्या पाड्यावरून शिक्षिका झालेली मी पहिली. असली बोलणी मी खूप खाल्लीत, त्यांचं रडगाणं मला गायचं नाही. मला सांगायचंय ते त्या बैठकीनंतर मी काय केलं ते. त्या दिवशी साहेबांना उत्तर द्यायचं होतं. ते दिलं नाही. राग खाली ढकलला, आणि तो भलत्यांच्याच डोक्यावर पडला.

मुख्याध्यापकांची कोन गावच्या रस्त्याला तीन गोदामं आहेत, भाड्यानं दिलेली. शाळा त्यांना विरंगुळा. परतताना त्यांनी मला गाडीत घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, मनाला लावून घेऊ नका. चाचणीच्या दिवशी कच्ची पोरं घरी ठेवायची. गैरहजर मूल सरासरीत धरत नाहीत. सगळे हेच करतात."

माझ्या वर्गात कच्ची मुलं चार. चारही पाड्यावरची. माझ्याच जातीची. म्हणजे कुणाला घरी बसवायचं हे ठरवायला मला डोकंही खाजवावं लागलं नाही.

पुढच्या चाचणीच्या आदल्या दिवशी मी चौघांना फळ्याजवळ बोलावलं. उद्या येऊ नका म्हटलं. तिघं आनंदानं पळाली. काजल थांबली.

"का बाई?"

"घरी आईला मदत कर."

तिनं मान हलवली. बाईंनी काम सांगितलं होतं ना. हजेरीपटावर कारण लिहावं लागतं. मी चौघांच्या नावांसमोर 'ताप' लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, छान वळणदार लिहिलं.

तेव्हा हिवतापाची साथ होती. एकाच पाड्यावरच्या चार मुलांना एकाच दिवशी ताप, ही बातमी शाळेतून आरोग्य केंद्रावर गेली. दुसऱ्या दिवशी आशाताई पाड्यावर पोचल्या आणि त्यांनी चौघांच्या बोटाला सुई टोचून रक्त घेतलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. काजल चौथ्या दिवशी शाळेत आली आणि माझ्या टेबलावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, मना ताप नव्हता. तरी रगत घेतला. मी रडलू न्हाय."

"मग सांगायचं ना, ताप नाही म्हणून!"

"तुमी लिवला होता ना. आशाताई बोलली."

मी तिला जागेवर बसायला सांगितलं आणि फळ्याकडे तोंड केलं. लाज वाटली. आणि एक जुनी गोष्ट आठवली. मी चौथीत होते. शाळेत तपासणी होती. गुरुजींनी मला सकाळीच त्यांच्या घरी पाठवलं. अंगणात भात वाळत घातलं होतं, कोंबड्या हाकायच्या होत्या. एवढ्या मुलांतून गुरुजींनी मलाच निवडलं, म्हणून मी दिवसभर ऐटीत काठी घेऊन बसले होते. तपासणीला आलेल्या साहेबांना दिसू नये म्हणून मला तिथं ठेवलं होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. त्या गुरुजींना मी आजही शिव्या देते. आता काजलनं कुणाला द्यायच्या?

एवढं कळूनही मी गप्प बसले. निकाल आला, आमची शाळा हिरव्या रंगात गेली. साहेबांनी बैठकीत माझं नाव घेतलं. चहाचा कप स्वतः पुढे केला. मी तो प्यायले. मला तो गोड लागला.

मग चाचणीत मागं पडलेल्यांसाठी जादा वर्ग निघाले, चित्रांची वेगळी पुस्तकं आली. यादी गुणांवरून केली होती. चौथीच्या वर्गाला आठ पुस्तकं मिळाली. माझ्या वर्गाला एकही नाही. माझ्या वर्गात कागदावर कुणी कच्चं उरलंच नव्हतं. काजलला अजून जोडाक्षर वाचता येत नव्हतं, आणि तिच्या हातात येणारं पुस्तक मी माझ्या हातानं अडवलं होतं.

त्या संध्याकाळी मी पाड्यावर गेले. काजलची आई गोदामातून नुकतीच आली होती, डोक्याचा फडका सोडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"म्हंजी तिला ताप नव्हता?"

"नव्हता."

"मी तिला तीन दिस पेजंवर ठेवली. भात मागत होती ती. मी मारलाय तिला, भात मागते म्हणून."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हात आडवा केला.

"आमाला वाटला, आपली बाय हाय शाळंत. दुसरी कुनी असती तं मी इचारला तरी असता."

ती आत गेली. मला कुणी बस म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

वर्षअखेरच्या चाचणीला मुख्याध्यापक म्हणाले, "मागच्यासारखंच करा." मी म्हटलं, "नाही सर. सगळी बसतील." सगळी बसली. उत्तर मी कुणाला सांगितलं नाही, फळ्यावर काही लिहिलं नाही. काजलला तीसपैकी सहा मिळाले. शाळा परत तळाला. आठवड्याभरात माझ्या नावानं नोटीस आली. निकाल का घसरला, खुलासा करा.

मुख्याध्यापकांनी खुलासा टाइप करूनच आणला होता. फक्त सही करायची. त्यात लिहिलं होतं, 'पाड्यावरील पालक निरक्षर असून मुलांच्या शिक्षणाबाबत उदासीन आहेत.' पेन उघडून त्यांनी माझ्यापुढे धरलं. मी तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं.

निकाल घसरलेला नाही. आधीचा निकाल खोटा होता. चार मुलं आजारी नव्हती. त्यांना मी घरी ठेवलं, मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून, पण हात माझा होता. त्याची शिक्षा मला द्यावी. चौघांची नावं जादा वर्गाच्या यादीत घालावीत. पंधरा दिवसांत पुस्तकं आली नाहीत तर पालकांना घेऊन मी कार्यालयात येईन.

खाली सही केली. त्याची दुसरी प्रत लिहिली. मुख्याध्यापकांनी वाचलं.

"बाई, नोकरी जाईल."

"एक प्रत तुम्हाला, एक मला. पोच द्या, सर."

"घरी जाऊन शांतपणे विचार करा."

"पोच द्या."

त्यांनी शिक्का मारेपर्यंत मी टेबलासमोरून हलले नाही.