बैलाच्या शिंगावरची तार

खून-दरोड्यांची नावं आता एकमेकांत मिसळतात, पण तेल्हाऱ्यातलं ते तारेचं प्रकरण मात्र लख्ख आठवतं. त्यात ना रक्त सांडलं, ना कोणी फरार झालं. तरी माझ्या नोकरीतलं आवडतं प्रकरण कोणतं असं विचारलं तर मी हेच सांगेन.

साठ सालानंतरची गोष्ट. मी तेल्हारा ठाण्याला फौजदार होतो. गावात वीज नवीनच आली होती आणि बटण दाबायचं अप्रूप मोठ्या माणसांनाही होतं. अशात श्रावणात एका सकाळी तेलाच्या मिलमध्ये आग लागली. बारदान जळालं, थोडी सरकी जळाली, आणि बारदान ओढायला गेलेल्या एका मजूर बाईचे हात भाजले. आग विजेच्या बोर्डापासून सुरू झाली होती. पंचनामा करताना एक वितळलेली तार हाती आली. वरून तांबूस, आतून पांढरी. अकोल्याच्या विद्युत निरीक्षकांनी कळवलं की ही अॅल्युमिनियमची तार असून तिला वरून तांब्याचा पातळ मुलामा दिलेला आहे. अॅल्युमिनियमची तार मुळात वाईट नसते, पण ती जाड घ्यावी लागते आणि तिचे सांधे जपून करावे लागतात. तांब्याची समजून बारीक तार लावली, की सांधा तापतो आणि एक दिवस पेट घेतो.

मिलमालकाने फिर्याद दिली ती मिलमध्ये तार जोडणाऱ्या वायरमनवर. वायरमन पंचविशीतला, लायसनवाला. घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, आणि वस्तीतला परवाना मिळवणारा हा पहिलाच. अकोल्याला सरकारी नोकरीसाठी त्याची निवडही झाली होती. गुन्हा शाबीत झाला असता तर नोकरी आणि लायसन दोन्ही गेलं असतं. मालकाचं म्हणणं असं, की आपण अकोल्याच्या व्यापाऱ्याकडून अस्सल तांबं आणलं आणि या पोराने ते विकून खोटी तार लावली. गावानेही मान डोलावली. गरिबाच्या पोरावर आळ घ्यायला गावाला पुरावा लागत नाही.

मी त्याचं लायसन जमा करून घेतलं आणि त्याला ठाण्यात बसवून विचारपूस केली. खोटं बोलणारा माणूस बहुधा स्वतःपासून सुरुवात करतो. हा पहिलंच वाक्य बोलला ते असं.

"साहेब, मले काय विचाराचं ते मंग विचारा. आंधी पोरींच्या शाळेतली लाईट बंद करा. त्याच दुकानातली तार म्या तिथंबी लावली हाय."

"तुला कळलं नाही, तार खोटी आहे ते?"

"वरतून लाल दिसली, तांबंच समजलो. शाळेत माणूस धाडा साहेब. मी इथंच बसून राहिलो, कुठी जात नाई."

मी शिपाई धाडला. शाळेतला एक सांधा खरोखरच काळा पडला होता. त्याच क्षणी माझ्या मनाने या पोराला निर्दोष ठरवलं. पण मनाची साक्ष कोर्टात चालत नाही.

पंचांना घेऊन व्यापाऱ्याच्या दुकानाची आणि गोदामाची तपासणी केली. सगळा माल अस्सल निघाला. माणूस गोड, मला चहा पाजला आणि वर म्हणाला, "साहेब, आमच्याकडं असा माल औषधालाबी सापडणार नाही." सापडला नाही हे खरं. आगीची खबर लागताच त्याने गोदाम झाडून साफ केलं असावं. तपास अडला.

मग पोळा आला. या व्यापाऱ्याची तेल्हाऱ्याजवळ शेती होती आणि आपली जोडी तोरणाखाली सगळ्यांत उठून दिसावी ही त्याची दरवर्षीची हौस. मी बंदोबस्ताला उभा होतो. आमच्या वऱ्हाडात पोळ्याला झडत्या म्हणतात, म्हणजे तोरणाखाली उभं राहून यमक जुळवत एकमेकांची टर उडवायची. त्या दिवशी शेठने राग धरायचा नसतो. गर्दीतून एकाने सुरू केलं:

"शेठची जोडी आली थाटात,
तांबं सांडलं अर्ध्या वाटात,
हर बोला, हर हर महादेव!"

लोक पोट धरून हसले. मी पुढे होऊन पाहिलं. बैलांच्या शिंगांना लाल तार गुंडाळली होती आणि ती जागोजागी पांढरी पडली होती.

बैलांशेजारी शेठचा सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला गडी, खाली मान घालून उभा होता. बिचाऱ्याला वाटलं, आपल्या हातून मालकाची वस्तू बिघडली.

"काय केलंस रे तारेला?"

"काई नाई साहेब. मालकानं गुंडाळी देल्ली, म्हने शिंगाले लाव. बैल चमकले पाह्यजे म्हनून चिंच अन् राख लावून घासली. जितकी घासली तितकी पांढरी पडून राहिली."

गोदाम साफ करणारा हुशार माणूस बैलांच्या हौसेत फसला. दुरून लाल दिसतं, बैलाचं शिंग कोण तपासतो, असा त्याचा हिशेब. सालदाराचं बैलांवर इतकं प्रेम असेल हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

तार पंचांसमक्ष उतरवून घेतली आणि व्यापाऱ्याला ठाण्यात बोलावलं. टेबलावर मिलमधली जळकी तार आणि शिंगावरची तार शेजारी ठेवली. तो सांगू लागला, की हा माल कोणीतरी आपल्या गळ्यात मारला, आपल्याला काही ठाऊक नव्हतं. मी आवाज चढवला नाही. सहज विचारलं, "शेठ, तुमचं नवं घर झालं म्हणे. इतकी गुंडाळी शिल्लक होती, तर ती बैलाला कशाला? घरातच लावायची."

तो चटकन म्हणाला, "घरात कशी लावता येईल साहेब? लेकरंबाळं हायेत घरी."

आणि मग त्याला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. मी मागवलेल्या चहाचा कप त्याने तसाच खाली ठेवला. त्यानंतर त्याने माल कोणाकडून आणला, कुठे कुठे विकला, सारं सांगितलं. पुढे कोर्टात शिक्षा झाली. विकलेली तार घराघरांतून काढून घेतली आणि मिलमालकाने, जरा कुरकुरत का होईना, फिर्याद दुरुस्त केली. भाजलेल्या बाईचे हातही बरे झाले. एकंदरीत चांगलं निभावलं.

या प्रकरणाने मला माणूस ओळखायची एक रीत शिकवली. तार धोक्याची आहे हे दोघांनाही कळलं होतं. व्यापाऱ्याला कळलं तेव्हा त्याने आपलं घर वाचवलं. वायरमनला कळलं तेव्हा तो आरोपी होता, नोकरी जायची वेळ आली होती, आणि तरी त्याला पहिली आठवली ती परक्यांच्या पोरींची शाळा.

त्याचं लायसन परत दिलं तेव्हा तो "जयभीम साहेब" म्हणून निघाला. मी खुर्चीतून उठलो, त्याला उलट जयभीम केला आणि फाटकापर्यंत पोचवायला गेलो. आरोपी म्हणून आणलेल्या माणसासाठी फौजदार उठतो, हे माझ्या शिपायांनी पहिल्यांदाच पाहिलं. मग तेही उभे राहिले.