धाकटी बसत नाही

सत्तरच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याच्या कॉलेजातून चार दिवस म्हसवडजवळच्या आमच्या वस्तीवर आलो, तेव्हा धाकट्या बहिणीचं नाव दुसरीतून काढायचं घाटत होतं. पोरगी दोन मिनिटं बसत नाही, वर्ग बिघडवते, असा गुरुजींचा निरोप होता.

आई म्हणाली, "मेंढरामागं जाऊ दे. तिथं पळावंच लागतंय."

मी घरातला पहिला शिकणारा. वाटलं, आपण सुधारू तिला. पाटी देऊन समोर बसवली. अक्षर अर्धं टाकून ती कोंबडीमागे गेली. आणून बसवली, तर पाण्याला उठली. पाचव्यांदा उठली तेव्हा मी मुस्काटात मारली.

"दादा, मी कवा उठले?" तिनं विचारलं. मला तो उद्धटपणा वाटला.

आमचे वडील, आबा, अंगणात शेळीच्या गळ्यात लोढणं बांधत होते. कळपातून पळणाऱ्या जनावराला हे लाकूड अडकवतात. मी चिडून म्हणालो, "आबा, हिलाबी एक बांधा."

आबा हसले नाहीत. "लोढणं द्वाड शेळीला. ती आधी माझ्याकडं बघती, मग पळती. ही बघती का कुणाकडं? हिला ठावंच नसतंय उठल्यालं. कॉलेजात काय शिकवत्यात रं तुमाला?"

शिकवलं होतं. काही मुलांचं लक्ष आणि अंग त्यांच्या ताब्यात नसतं, असं मानसशास्त्राच्या सरांनी सांगितलं होतं. मी ते वहीत सुवाच्य उतरवलं होतं, परीक्षेपुरतं. धाकटी विहिरीवर घागर विसरून यायची, जेवता जेवता उठायची. नव्या कोकराजवळ मात्र तासभर हलायची नाही, म्हणून आम्ही तिला ढोंगी म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी गुरुजींकडे गेलो. "ती मुद्दाम करत नाही, गुरुजी. तिला दाराशी बसवा. फळा पुसायला, पाणी आणायला मधूनमधून उठवा."

"चार बुकं शिकलास, आता मला शिकवतोस व्हय?" ते म्हणाले. मी मान खाली घालून उभाच राहिलो. शेवटी ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत ठेवतो. मग बघू."

घरी येऊन धाकटीला हे सांगू लागलो, तर निम्म्या वाक्यातच ती उठून पळाली. खोटं कशाला सांगू, मला रागच आला. हात मात्र उचलला नाही.