डबक्यावर ओतलेलं काळं ऑइल

पाय मोडला तेव्हा हळदीच्या खुरपणीचे दिवस होते. ओल्या ओट्यावरून घसरले, एवढंच निमित्त. कळमनुरीहून प्लास्टर घालून आणलं आणि घरच्यांनी माझी खाट लिंबाखाली टाकली. शेजारीच रस्त्यासाठी मुरूम काढलेला खड्डा. पावसाळ्यात त्याचं डबकं होतं, थंडी सरता सरता आटून जातं. इतकी वर्षं त्याच्या कडेने गेले-आले, पण पाण्यात डोकावले ते त्याच वर्षी.

बेडकाची पिल्लं वळवळत होती. एक पिल्लू वाळक्या काडीजवळ गेलं आणि त्या काडीनेच त्याला पकडलं! तो पाणविंचू होता. मला असा राग आला की मी काठीने त्याला ढोसलं. पिल्लू तोवर मेलेलं होतं.

"काहून ढोसून राहिल्या?" भांडी घासणाऱ्या जाऊबाई म्हणाल्या. "त्यानं काय उपाशी राहावं?"

मग मी नुसती बघत बसायला लागले. गाळात चतुराची अळी दबा धरून बसायची. डासाची अळी जवळ आली की चतुराच्या अळीचा खालचा जबडा हातासारखा सर्रकन पुढे यायचा, घास आत. डबकं हाताच्या अंतरावर, पण संध्याकाळी खाटेवर डास फारसे चावत नव्हते. का, ते मी रोज डोळ्यांनी पाहत होते.

एका सकाळी पंचायतीचा माणूस कॅन घेऊन आला. मला काही कळायच्या आत त्याने जळकं ऑइल पाण्यावर ओतलं. मी ओरडले, काठी आपटली. उठता येत नव्हतं.

"सरपंचांनी सांगितलं. डासं मारायलेत," तो म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून सगळं वर तरंगायला लागलं. पिल्लं, पाणकिडे, पाणविंचू, सगळं काळं आणि चिकट. वासाने जेवण जाईना. सरपंच रस्त्याने चालले होते, त्यांना मी तिथेच थांबवलं.

"वैनी, गावात ताप चालू हाय. मी काय हात बांधून बसू?"

"ताप चालू हाय तर गटार उपसा, उघड्या टाक्या झाका. डासं खाणारे काहून मारले तुमी?"

ते हसले. किड्यांसाठी भांडणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. ते हसणं मला अजून सलतं.

पुढे जोराचा पाऊस झाला. डबकं भरून वाहिलं आणि ऑइल नाल्याला गेलं. नव्या पाण्यात सगळ्यांत आधी कोण आलं? डास! खाणारं कुणी उरलंच नव्हतं. अळ्यांनी पाणी नुसतं वळवळत होतं, आणि संध्याकाळी अंगणात बसायची सोय राहिली नाही.

प्लास्टर निघाल्यावर मी काचेचा ग्लास त्या पाण्याने भरला आणि काठी टेकत पंचायतीत गेले. ग्लास सरपंचांच्या टेबलावर ठेवला.

"हे बघा. तुमच्या ऑइलानं वाढवलेले डासं."

त्यांनी वाकून पाहिलं. या वेळी हसले नाहीत. कोपऱ्यातल्या कॅनकडे बघून म्हणाले, "मग हे उरलेलं ऑइल आता कुठं ओतू?"

"तुमच्या घरच्या रांजणात ओता," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

आमच्या खड्ड्यात पुन्हा ऑइल पडलं नाही. गटार मात्र अजून कुणी उपसलेलं नाही.